अवतरणचिन्हांतलं वाक्य

"वहिनी, धाकटी आहे का गं घरात? तिला जरा फोन दे ना."

नणंदेच्या या वाक्यात वावगं असं काहीच नव्हतं. पण थोरलीच्या ते असं जिव्हारी लागलं की फोन घेऊन दोन मजले उतरून खाली जाताना तिने प्रत्येक पायरीवर ते मनात पुन्हा एकदा ऐकलं. नणंदेचा फोन गेली बावीस वर्षं तिच्यासाठी यायचा. आधी सगळ्यांच्या तब्येतींची चौकशी व्हायची, मग हळूच विषय निघायचा, "वहिनी, एक विचारायचं होतं." मग तो प्रश्न भाच्याच्या निबंधाचा असो, अंगावर उठलेल्या पुरळाचा असो की एखाद्या जुन्या शब्दाच्या अर्थाचा, थोरली म्हणायची, "उद्या सांगते," आणि दुसऱ्या दिवशी सांगायची.

सांगणं हा तिचा धंदाच होता म्हणा ना. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलाशी ती सव्वीस वर्षं बसत होती. कुणी येऊन विचारावं, जुना पूल कोणत्या साली वाहून गेला? तिने चष्मा डोक्यावर सरकवावा, खुर्ची मागे लोटावी, यादीकडे ढुंकूनही न पाहता तिसऱ्या रांगेतल्या खालच्या फळीवरून एक जाडजूड खंड ओढावा आणि पान उघडून समोर ठेवावं. समोरच्याचा चेहरा त्या क्षणी जो व्हायचा, त्या चेहऱ्यावर तिची सव्वीस वर्षं गेली होती. घरातही तोच मान होता. शेजारीपाजारी म्हणत, "दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचार, त्यांना ठाऊक असणारच."

आणि मग दिराने एकेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं.

नवी जाऊ अडतिशीची होती, शिवणयंत्रं दुरुस्त करायची. दहावीनंतर एक कोर्स, पुढे वडिलांच्या दुकानात हाताखाली काम, आणि वडील गेल्यावर सगळं दुकान तिच्याच अंगावर. लग्न करून आली ती दुकानच घेऊन आली. तळमजल्याची पुढची खोली तिने मागून घेतली, तिथे फळ्या ठोकल्या, भिंतीवर चाकं, पट्टे आणि सुयांचे डबे लावले. केसांना कायम एक चिमटा, बोटांना तेलाचा वास, बोलणं नेमकं आणि थोडकं. थोरलीने तिला मोठ्या मनाने पदराखाली घेतलं. "बिचारी," ती नवऱ्याला म्हणाली होती, "तिला वाचनाची फारशी सवय नाही, पण स्वभावाने चांगली आहे." बिचारी म्हणायला तेव्हा तिचं काहीच जात नव्हतं.

पहिला चटका बसला तो एका रविवारी जेवताना. परिचारिकेचं शिक्षण घेणारी एक मुलगी ग्रंथालयात आली होती, तिला पन्नास वर्षांपूर्वीची एक नियमपुस्तिका हवी होती. थोरलीने तीन दिवस कपाटं उपसली होती, दोन ठिकाणी पत्रं टाकली होती. हे सगळं ती ताटावर बसून जरा रंगवूनच सांगत होती. कष्टांचं कौतुक व्हावं एवढीच अपेक्षा. धाकटीने हात पुसले, मोबाइल ओढला.

"ताई, पुस्तिकेचं नाव नक्की काय आहे? अगदी जसंच्या तसं सांगा."

थोरलीने सांगितलं. धाकटीने काहीतरी टिपलं, जरा खालीवर केलं, पुन्हा काहीतरी टिपलं. आमटीची वाटी दुसऱ्यांदा भरेपर्यंत तिने मोबाइल थोरलीपुढे धरला. "हीच का?"

तीच होती. मुखपृष्ठावरच्या शाईच्या डागासकट.

"अगं, तीन दिवस वाचले असते की तुझे!" थोरलीचा नवरा हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

"मी काही हुशार नाही हो," धाकटी म्हणाली. "मला मशीनच्या सुट्या भागांनी शिकवलं. एक जुनं मॉडेल आहे, त्याच नावाची बाहुली निघते. भाग शोधायला जावं तर पडद्यावर नुसत्या बाहुल्या! मग कळलं, नको त्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावायचं. वजा बाहुली. की बाहुल्या गेल्या, मशीन राहिलं. आणि नेमका नंबर हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालायचा, म्हणजे तसाच्या तसा सापडतो, आजूबाजूचा कचरा येत नाही."

'वजा बाहुली' हा शब्द घराने उचलून धरला. दीर ताटावर बसून म्हणायचा, "आज भाजी वजा मीठ दिसतेय." नवरा पाहुण्यांना म्हणायचा, "चहा घ्या, वजा साखर." सगळे हसायचे. थोरलीही हसायची, पण तिच्या ओठांना तेवढ्यापुरते कष्ट पडायचे. हळूहळू प्रश्नांनी वाट बदलली. दुसऱ्या मजल्यावर येणारे प्रश्न तळमजल्यावरच थांबायला लागले. समोरच्या घरातली मुलगी प्रकल्पासाठी आली तर दुकानातच बसायची. आणि नणंद फोन करायची तो असा.

थोरलीला आपला मत्सर दिसत नव्हता असं नाही. चांगला दिसत होता. दाताला कीड लागली की जीभ जशी सारखी तिथेच जाते, तसं तिचं मन तिथे जायचं. धाकटीचं कौतुक कानावर आलं की ती मनात उणी बाजू मांडायची: तिला सापडतं, पण समजतं कुठे? पान सापडणं वेगळं आणि ग्रंथ माहीत असणं वेगळं. हे सगळं खरंही होतं, पण त्या खरेपणाने पोटातली आग काही विझत नव्हती.

या आगीत तेल पडलं ते सासऱ्यांमुळे.

सासरे चौऱ्याऐंशीचे. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात ते गळती ऐकणारे होते. होय, ऐकणारे. तेव्हा यंत्रं नव्हती. लांब लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, तिचं दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली नळी कुठे फुटली आहे ते आवाजावरून ओळखायचं. खात्यात त्यांच्या कानाचा दबदबा होता. या कामावर त्यांनी आयुष्यात एकच लेख लिहिला, खात्याच्या त्रैमासिकासाठी. मुख्य अभियंत्यांनी तो मागून घेतला, "दोघांची नावं टाकू" म्हणाले, आणि अंक निघायच्या आधीच सासऱ्यांची बदली लांबच्या पंपघरावर झाली. लेख छापून आल्याचं त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. अंक पाठवतो म्हणणाऱ्यांनी पाठवला नाही. आपला छापलेला लेख या माणसाने कधी पाहिलाच नव्हता.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात थोरलीने त्यांना शब्द दिला होता, "आप्पा, मी शोधून देते." तिने खटपट केली ती थोडीथोडकी नाही. तिच्या ग्रंथालयात त्या त्रैमासिकाचे अंक होते, पण नेमकी लेखाच्या सुमाराची दोन वर्षं गायब. खात्याला पत्रं गेली, उत्तरं आली नाहीत. मदत व्हावी म्हणून सासऱ्यांनी तेव्हा तिच्याजवळ मूळ हस्तलिखित दिलं होतं, निळ्या शाईतले दोन कागद, खाली सही आणि तारीख. ते तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून दिले. वर्षं गेली. आता सासऱ्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. वाचणं संपलं होतं.

एका संध्याकाळी थोरली कामावरून परतली, जिन्याशी चप्पल काढत होती, तर दुकानातून सासऱ्यांचा आवाज आला. ते धाकटीच्या स्टुलावर बसून तिला कांबेची गोष्ट सांगत होते.

"तू बघ ना गं एकदा," ते म्हणाले. "नुसता ऐकायला मिळाला तरी पुरे. थोरलीने पुष्कळ धडपड केली बिचारीने."

बिचारीने!

थोरली हातात चप्पल घेऊन तशीच उभी राहिली. मग वर गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात लावली.

दोन दिवसांनी धाकटी वर आली. "ताई, आप्पांच्या त्या लेखाचा कच्चा कागद कुठेतरी होता म्हणतात. तुमच्याकडे आहे का? त्यांना एकच वाक्य आठवतंय, पण तेही पक्कं नाही. शब्द तंतोतंत मिळाले तर बरं पडेल."

थोरली कपाटाला पाठ लावून उभी होती. पिशवी तिच्या पाठीमागे, दुसऱ्या कप्प्यात, साड्यांच्या खाली.

"होता गं," ती म्हणाली. "मागे घर रंगवलं ना, तेव्हा कुठे गेला कुणास ठाऊक."

बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं छातीत धडधडेल. तसं काही झालं नाही. आठवड्याने धाकटी सासऱ्यांना म्हणाली, "आप्पा, 'पाइप ओरडत नाही, तो कुजबुजतो' हे मी अवतरणचिन्हांत घालून पाहिलं. काहीच येत नाही." त्या दिवशीचा चहा थोरलीला किती दिवसांनी गोड लागला. लाज वाटली ती नंतर, आणि तीही बेताची.

पण त्याबरोबर एक नवं वेड तिच्या डोक्यात शिरलं. मूळ कागद आपल्याकडे आहे. ती चिन्हं तेवढी आली, तर लेख आपणच काढू. बावीस वर्षांपूर्वीचा शब्द आपणच पुरा करू, सगळ्यांच्या देखत.

आता, धाकटीला जाऊन "मला शिकव" म्हणणं हे मरणाहून वाईट. दुकानात तिच्या गल्ल्यामागे भिंतीवर एक पुठ्ठा डकवलेला होता, त्यावर जाड पेनाने चिन्हं लिहिलेली. थोरलीने शनिवारी आपलं शिवणयंत्र नवऱ्याकरवी खाली पाठवलं.

"टाका सुटतो गं," ती म्हणाली.

धाकटीने झाकण उघडलं, चाक फिरवलं, एका चिंधीवर सरळ रेघ मारली. टाका मोत्यासारखा पडला. तिने पुन्हा एक रेघ मारली. मग थोरलीकडे न बघता म्हणाली, "ठेवून जा, बघते. की बसता जरा?"

"बसते."

धाकटी पाठ करून बॉबिन पुसत राहिली, बराच वेळ पुसत राहिली, आणि थोरलीने पर्समधून ग्रंथालयाची परतीच्या तारखेची चिठ्ठी काढून तिच्या मागच्या बाजूला पुठ्ठा उतरवून घेतला. अवतरणचिन्हं, जसंच्या तसं. वजा, हे नको, शब्दाला चिकटून. तारा, विसरलेल्या शब्दाच्या जागी. साइट आणि दोन टिंबं, एकाच ठिकाणी शोध. पीडीएफ मागायची रीत. चिठ्ठी पुरली नाही, शेवटची ओळ तिने तळहातावर लिहिली.

सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत ती टेबलावरच्या संगणकाशी बसायला लागली. संगणक तिच्या टेबलावर नऊ वर्षं होता, पण आजवर शोधाच्या चौकटीत ती अर्ज लिहीत असे: पाणीपुरवठा खात्याच्या त्रैमासिकातील गळतीविषयक लेख कोठे मिळेल. आता तिने हस्तलिखितातलं वाक्य अवतरणचिन्हांत घातलं. 'गळती लागलेली नळी ओरडत नाही, ती कुजबुजते.' सापडलं शून्य. चिन्हं काढली तर पडद्यावर पूर आला. गळती म्हटल्यावर केसगळतीवरची तेलं आली, कुजबुज म्हटल्यावर प्रेमकविता आल्या आणि पाठोपाठ भुताच्या गोष्टी. तिने वजा लावला, पण वजा आणि शब्द यांत जागा सुटली, तर कविता दुपटीने वाढल्या. चिठ्ठी पुन्हा वाचली. शब्दाला चिकटून. वजा केस. वजा कविता. वजा भूत. शेजारच्या टेबलावरची कारकून बाई वाकून बघत म्हणाली, "बाई, हे काय चाललंय?" थोरलीने पडद्यावर फाइल आडवी धरली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मात्र तिला चिन्हांनी नव्हे, सव्वीस वर्षांच्या सवयीने वाट दाखवली. लेख छापला गेला म्हणजे तो कुणाच्यातरी हाताखालून गेला. मुख्य अभियंत्यांच्या कचेरीत 'नळी' हा शब्द कोण राहू देईल? तिथे सगळ्या नळ्यांच्या 'जलवाहिन्या' होतात. आणि सासरे आठवणीतून सांगतात 'पाइप', म्हणून त्यांच्या वाक्यात 'तो कुजबुजतो' येतं. धाकटीचं वाक्य तिथेच फसलं, एका 'तो'पायी. नळी असो की जलवाहिनी, 'ती' ती राहणार. तेव्हा नामच उडवायचं. तिने लिहिलं, 'ओरडत नाही ती कुजबुजते', दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं ठोकली आणि बटण दाबलं.

एकच उत्तर आलं.

एका जुन्या पंपघराचं कुणीतरी संग्रहालय केलं होतं. त्यांनी त्रैमासिकाचे अंक पानपान करून चढवले होते. त्या अंकाच्या दोनशे बारा पानांत लेखाची ती चार पानं होती, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर तिचं वाक्य उजळ होऊन थरथरत होतं. थोरलीचे डोळे भरून आले. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली, टेबलापुढे दोघंजण येऊन उभे राहिले. तिने चारही पानं छापायला टाकली, गरम कागद टाचले आणि उलटे करून खणात ठेवले. उरलेला दिवस ती वाचकांशी इतकं गोड बोलली की कारकून बाईला शंका आली.

घरी आल्यावर तिने सगळ्यांना गोळा केलं. नवऱ्याला गॅलरीतून आत बोलावलं, दिराला आंघोळीतून घाई केली, नणंदेला फोन लावून स्पीकरवर ठेवलं. धाकटीला तर जिन्यातून हाक मारली, "दुकान बंद करून ये गं! आप्पांचा लेख सापडला!"

धाकटी वर आली ती हातातला पेचकस तसाच घेऊन. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चेहरा उतरला होता. थोरलीने ते डोळे भरून पाहून घेतलं. जळतेय, ती मनात म्हणाली. जळू दे, एकदा तरी तिलाही कळू दे.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मी एकदा आधी बघू का?"

"आधी आप्पांना ऐकू दे," थोरली म्हणाली.

सासरे खुर्चीत ताठ बसले होते. मांडीवर त्यांची बोटं ताल धरल्यासारखी हलत होती. "सुरुवातीपासून वाच," ते म्हणाले. "वर नाव असेल, तिथपासून."

थोरलीने चष्मा नीट केला. मथळा वाचला. मग डोळे खालच्या ओळीवर गेले. तिथे मुख्य अभियंत्यांचं नाव होतं, पदव्यांसकट, हुद्द्यासकट. खाली मजकूर सुरू होत होता. दुसरं नाव नव्हतं. तिने पान उलटून शेवट पाहिला. आभाराची ओळसुद्धा नव्हती.

सव्वीस वर्षांत तिने कुणाला चुकीचा संदर्भ दिला नव्हता. आता तिने सासऱ्यांचं नाव वाचलं, आडनावासकट, खणखणीत आवाजात.

फोनमधून नणंदेने टाळ्या वाजवल्या.

"आणि साहेबांचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय आप्पा?"

"साहेबांचं नाव. आधी त्यांचं, मग माझं, असं ठरलं होतं."

"नाही आप्पा. तुमचं एकट्याचंच आहे."

त्यांची बोटं थांबली. खोलीत सगळे अजून हसत होते, म्हणून कुणाच्या ते लक्षात आलं नाही. "एकट्याचं," ते म्हणाले. "बरं. वाच पुढे."

तिने वाचलं. सासरे मान एका बाजूला कलती करून ऐकत होते, कांब कानाला लावल्यासारखे. 'ती कुजबुजते' इथे आल्यावर त्यांनी हात वर केला. "ती, बरोबर. मी नळी लिहिलं होतं. पाइप नव्हे, नळी." मग पुन्हा हात मांडीवर ठेवला.

वाचन संपल्यावर थोरली स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. मागोमाग धाकटी आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"ताई, मला रविवारीच सापडला होता."

थोरलीने वळून पाहिलं.

"वाक्य सोडूनच दिलं. त्या संग्रहालयाची साइट मिळाली, तिच्यात नुसतं गळती आणि कांब असं शोधलं. वरचं नाव बघितलं आणि बंद केलं. आप्पांना म्हटलं, नाही सापडत. काय सांगणार होते मी त्यांना?"

इथे थोरलीने काय म्हणायला हवं होतं हे तिला पुढे कितीतरी दिवस सुचत राहिलं. त्या क्षणी तिच्या तोंडून निघालं ते एवढंच:

"माझ्या आधी?"

धाकटी बघतच राहिली. मग तिला हसू आलं, ते तिने पेचकसाच्या मुठीने दाबायचा प्रयत्न केला. "हो ताई. चार दिवस आधी. हेच विचारायचं होतं तुम्हाला?"

थोरलीचे कान तापले. चांगुलपणातसुद्धा ही आपल्या पुढे गेली, हे तिला सहन होईना, आणि सहन होत नाही याची लाज त्याहून सहन होईना. अशा वेळी माणूस एक तर भांडतं, नाहीतर खरं बोलतं. ती म्हणाली, "तो कच्चा कागद माझ्याकडे आहे. तू मागितलास तेव्हाही होता. मी मुद्दाम दिला नाही."

"वाटलंच होतं," धाकटी म्हणाली. "तुमच्या हातून कधी कागद हरवलाय का?" थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "मशीनही ठणठणीत होतं."

मग थोरली खोलीत गेली, साड्या बाजूला सारून पिशवी काढली आणि सासऱ्यांपुढे बसली. नवरा आणि दीर खाली गेले होते. धाकटी दाराशी थांबली.

"आप्पा, हे तुमच्या हातचे कागद. खाली तुमची सही आहे, तारीख आहे. हे माझ्याकडेच होते. धाकटीने मागितले तेव्हा मी नाही म्हटलं."

त्यांनी कागदांवरून अंगठा फिरवला. "छापलेल्यावर साहेबांचंच नाव आहे ना?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

"तू एकट्याचं म्हणालीस तेव्हाच समजलं. साहेब सगळं विसरतील, स्वतःचं नाव विसरायचे नाहीत." त्यांना बारीक हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "तुझ्या आवाजावरूनच कानाला कळलं होतं हे. म्हणून तर अंक पाठवला नाही त्यांनी. बरं, शोधला कुणी शेवटी?"

थोरलीच्या मनात होतं, आपण सांगावं. तोंड उघडायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "ताईंनी."

ते नाव थोरलीला हवं होतं, कैक महिने हवं होतं. असं दुसऱ्याच्या हातून मिळाल्यावर मात्र ते घशाखाली उतरेना. तरी तिने ते परत केलं नाही.

पुढच्या महिन्यात तिने पंपघराच्या संग्रहालयाला पत्र लिहिलं आणि हस्तलिखिताची प्रत जोडली. तिचं पत्र म्हणजे पाच मुद्दे, तारखा आणि पानांचे आकडे. धाकटीने वाचून म्हटलं, "मला हे जन्मात जमलं नसतं," आणि थोरलीने ते वाक्य दोन दिवस चघळलं. संग्रहालयाने चौकशी केली, आणि लेखाच्या नोंदीखाली मूळ लेखक म्हणून सासऱ्यांचं नाव चढवलं. धाकटीने ते नाव अवतरणचिन्हांत घालून शोधून पाहिलं.

"किती निघतात?" सासऱ्यांनी विचारलं.

"एक."

"पुष्कळ झालं," ते म्हणाले. त्यानंतर ते दोन वर्षं जगले, आणि धाकटीच्या मोबाइलवरचा तो एक येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लावायचे.

थोरलीचा मत्सर गेला का? नाही. थोडा सवयीचा झाला, इतकंच. ग्रंथालयात पावसाळा संपल्यावर वाचकांसाठी शोधाची चिन्हं शिकवायचा एक तास ठेवायचं ठरलं, तेव्हा तिने स्वतः होऊन धाकटीचं नाव सुचवलं, आणि सुचवल्या क्षणापासून पस्तावली. धाकटी आली, चिमटा लावून, धुतलेल्या हातांनी. बाहुलीची गोष्ट सांगितली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. नंतर तिच्याभोवती घोळका झाला, आणि थोरली फळा पुसत राहिली.

सोमवारी सकाळी दार उघडल्याबरोबर एक आजोबा तिच्या टेबलाशी आले. हातात वही होती.

"बाई, त्या मशीनवाल्या बाई आज यायच्यात का?"

"नाही," थोरली म्हणाली. "त्यांना त्यांचं दुकान असतं. काय हवंय तुम्हाला?"

"नाही, त्यांनाच विचारलं असतं."

थोरलीने चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला, कळफलक जवळ घेतला आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा," ती म्हणाली. "आणि नाव सांगा. जसंच्या तसं."